पाचवा चाकू

तीन महिन्यांत मी पाच चाकू आणले. मी लोणारला दुसरीच्या वर्गाला शिकवते. माझ्या पर्समध्ये खडू असावेत, पोरांकडून काढून घेतलेल्या गोट्या असाव्यात, फार तर एखादी सेफ्टी पिन. त्या हिवाळ्यात तिथे घडीचा चाकू असायचा. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी एकदा पेन शोधायला माझी पर्स उघडली आणि दोन पावलं मागे सरकल्या. "मॅडम, घरी समदं ठीक हाय ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं. मी म्हटलं, घरी काहीच ठीक नाही, पण तुम्हाला वाटतं तसं नाही.

चाकू बाबांसाठी होता. एकेक चाकू ते हातात घ्यायचे, उघडायचे, मिटायचे, उजेडात धरून पात्याची धार बघायचे आणि म्हणायचे, "चांगला हाय." आमच्या घरात ज्याला कान आहेत त्याला हे "चांगला हाय" कळतं. त्याचा अर्थ नापास. मग तो चाकू भिंतीतल्या देवळीत जाऊन पडायचा, बाबा तंबाखूची पुडी काढायचे आणि मी कपाळाला हात लावायची.

माहेर संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. लोणारहून तिथे पोचायला तीन एसट्या बदलाव्या लागतात आणि एकही वेळेवर मिळत नाही. बाबांची संत्र्याची लहानशी बाग आहे, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते डोळा भरणारा म्हणून. जंबेरी नावाच्या रानलिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद काढायची, चिरेत सरकवायची आणि वरून पट्टी बांधायची, एवढंच काम. पण बाबांनी भरलेले शंभर डोळे असले तर जेमतेम दोन-चार वाया जायचे. हिवाळा लागला की लोक गाडी घेऊन त्यांना न्यायला यायचे. त्या कामाचा चाकू त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बारा महिने असायचा. त्यानेच ते सुपारी कातरायचे, ठिबकची नळी कापायचे, माझ्या मुलाच्या पायातला काटा काढायचे. तो त्यांना त्यांच्या मोठ्या भावाने, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांनी दिला होता. डोळा भरायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

तो चाकू गेला खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी लोखंडी अवजारं धुऊन पुसून पाटावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, फांद्या छाटायची सिकेटर, बाबांचा चाकू. हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची, आणि दसरा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आई फुलं वाहते म्हणजे ओतते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने विळा-कुऱ्हाड उचलून जागेवर ठेवली, राहिलेल्या फुलांचा ढीग वर्तमानपत्रात गुंडाळला आणि नेहमीप्रमाणे पुलावर जाऊन नदीत सोडून दिला. चाकू मिटलेला होता, आणि तो ढिगाच्या खाली होता.

हे मला चौथ्या दिवशी आईनेच फोनवर सांगितलं.

"अवं, फुलं पान्यात पडली तं डुबुक् आवाज आला. मले तवाच वाटलं, फुलाईचा असा आवाज कसा? पन मांगून ट्रॅक्टर येऊन राह्यला होता, मी बाजूले झाली. घरी आल्यावर हे विचारून राह्यले, चाकू कुठी हाय. तवा माह्या ध्यानात आलं."

"मग सांगून टाक ना."

"नाई जमत. मोठ्या भावाचा चाकू व्हता थो. माह्या तोंडाकडं पायनार नाईत. तुले माही शपथ हाय, बोलू नको."

शपथ घालून आई मोकळी झाली. इथे मला खरा राग येतो तो माझाच, कारण मला ती शपथ सोयीची वाटली. मला वाटलं, एक चाकू तर आहे. नवा आणून दिला की मिटेल. कशाला घरात वाद?

पण मिटण्यासारखं ते नव्हतंच. पहिले दोन दिवस बाबा ठामपणे म्हणत होते, मी पाटावर ठेवला होता, तिथून उचलला नाही. आई म्हणत होती, तुम्हीच उचलून कुठेतरी ठेवला असेल. ती हे अंग वाचवायला म्हणाली होती, पण बाबांनी ते मनावर घेतलं. त्यांनी गोठा शोधला, विहिरीवरच्या मोटारीची खोली शोधली, गादी उसवून पाहिली. मग शोधणं थांबवलं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. माझ्या मोठ्या बाबांना शेवटची काही वर्षं माणसं ओळखू येत नव्हती. त्यांचीही सुरुवात वस्तू हरवण्यापासूनच झाली होती. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग घराची वाट. दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन बसायचे आणि बाबा त्यांना हाताला धरून घरी आणायचे. आता बाबांनी मोटारीच्या खोलीची किल्ली करदोड्याला बांधली. औषध घेतलं की कॅलेंडरवर रेघ ओढायला लागले. डोळा भरायला न्यायला माणसं आली की म्हणायचे, "चाकूच नाई तं काय बोटानं भरू?" आणि माणसं परत जायची. हंगाम चालला होता आणि बाबा ओट्यावर बसून होते.

म्हणून चाकू. पहिला मी लोणारातच घेतला. हार्डवेअरच्या दुकानदाराला म्हटलं, खिशात राहील असा मजबूत घडीचा चाकू दाखवा. त्याने भाजीचा चाकू काढला. मी म्हटलं, घडीचा. त्याने नारळ खोवायची खोवणी काढली. मी म्हटलं, दादा, पुरुषाच्या सदऱ्याच्या खिशात मावला पाहिजे. तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "ताई, पाहिजे काऊन पन?" बाईने चाकू मागितला तर तो भाजीसाठी नाहीतर नवऱ्यासाठी, तिसरा उपयोग त्याच्या डोक्यात येत नव्हता. शेवटी पार आतल्या फळीवरून धूळ झटकत एक चाकू आला. चकचकीत होता. मी खूश झाले आणि शनिवारी तीन एसट्या बदलून घरी नेला.

बाबांनी तो उघडला, पातं दोन बोटांत धरून हलवलं. ते हललं. "चांगला हाय," बाबा म्हणाले. फार खोदून विचारलं तेव्हा बोलले, "पातं डगडग करते. साल सोलताना बोटात घुसंन."

दुसरा खामगावला बस बदलताना घेतला. या वेळी पातं हलवून पाहिलं होतं, घट्ट होतं. इतकं घट्ट की बाबांना ते नखाने उघडेना आणि उघडलं तेव्हा नख गेलं. शिवाय मूठ गुळगुळीत प्लॅस्टिकची. "वला हात लागला का सटकते," बाबा म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की दोष काढायला त्यांच्या तोंडून शब्द निघतात हे चांगलं लक्षण आहे. पण माझं नख नव्हतं गेलं, माझा रविवार गेला होता, आणि मला फक्त तेवढंच दिसत होतं.

तिसरा ऑनलाइन मागवला. फोटोत एक माणूस बर्फाच्या डोंगरावर उभा राहून दोर कापत होता. डब्यातून निघालेल्या चाकूला शिट्टी होती, बाटली उघडायची सोय होती, इवलासा दिवा होता आणि मुठीच्या बुडाला होकायंत्र होतं. एवढं सगळं असल्यावर पात्याला जागा उरली नव्हती, ते करंगळीएवढं होतं. मला हसू आलं होतं. वाटलं होतं, बाबाही हसतील. बाबांनी ते होकायंत्र बराच वेळ फिरवून पाहिलं. सुई थरथरत एकाच बाजूला वळत होती.

"हे काय दाखवते?"

"दिशा दाखवते बाबा. जंगलात वाट चुकली तर."

त्यांनी चाकू माझ्यासमोर ठेवला. "आता मले घराची वाट दाखवाले आनला काय?"

आई आतून भांडी आपटत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला म्हटलं, आता तरी सांग. ती म्हणाली, "आता दोन महिने होत आले, आता कसं सांगू? आता तं जास्त चिडतीन." आईचा हा हिशोब मला आजपर्यंत समजलेला नाही. पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून तिसऱ्या. अशाने माणूस जन्मभर गप्प राहील. मी तिच्यावर ओरडले, तिने शपथेची आठवण करून दिली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

चौथा चाकू शाळेतल्या त्याच बाईंनी दिला. त्यांचा भाऊ सैन्यात आहे. चाकू खरोखर दणकट होता, पातं न हलणारं, मूठ खरबरीत. बाबांनी तो खिशात टाकला आणि सदरा एका बाजूने लोंबला. "धोंडा ठेवल्यावानी वाटते," बाबा म्हणाले. आता मात्र माझं टाळकं सरकलं. मी वही काढली, पेन काढलं, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"सांगा आता. कसा पाहिजे तुम्हाले चाकू? एकेक सांगा, मी लिहून घेतो."

वर्गातल्या पोरांवर काढते तो आवाज होता. पण बाबांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा झाला. पातं आपल्या मधल्या बोटाएवढं, जास्त नाही. चकचकीत स्टील नको, ते धार धरत नाही, काळं पडणारं पोलाद पाहिजे, मग भले रोज तेलाचं बोट फिरवावं लागो. उघडल्यावर जागचं हलू नये, मिटताना टक् आवाज यावा. टोक बारीक, सालीखाली शिरेल पण सालीच्या आतल्या लाकडाला ओरखडा काढणार नाही असं. मूठ लाकडी, तळहातात भरेल अशी. वजन इतकंच की खिशात आहे हे कळावं पण आठवण करून देऊ नये. मी लिहीत गेले. एवढं सगळं ज्याला लक्षात आहे तो माणूस विसरभोळा कसा, हे मला तेव्हा का सुचलं नाही कोण जाणे.

असा चाकू दुकानात नसतो. कोणीतरी सांगितलं, डोणगावला एक म्हातारा लोहार आहे, तो अजून हाताने चाकू करतो. लोणारहून डोणगाव म्हणजे माहेरच्या रस्त्यावरही नाही. तरी गेले. लोहाराने माझी वही दुरून डोळ्यांसमोर धरून वाचली आणि पहिल्यांदा कोणीतरी मला शहाण्यासारखा प्रश्न विचारला. "हात केवढा हाय त्याईचा?"

मला बाबांच्या हाताचं माप माहीत नव्हतं. तिथूनच आईला फोन लावला. म्हटलं, बाबा दुपारचे झोपले असतील तर पंजा मोज. ती म्हणाली, "झोपेतल्या मानसाचा पंजा मोजू? मेलेल्याचं मोजतेत तसं!" मग माझ्या आवाजावरून तिला कळलं असावं. थोड्या वेळाने तिचा फोन आला. माप होतं, तिची चार बोटं आणि वर एक पेर. मी ते लोहाराला सांगितलं. तो म्हणाला, "आन तुमची आई केवढी?"

मी पुन्हा फोन लावला. शेवटी आईने बाबांच्या हातावर सुतळी धरली, ती शाळेच्या पट्टीवर ठेवली आणि आकडा सांगितला. लोहार तोवर चहा पिऊन आला होता. "दोन हप्त्यानं या," म्हणाला. दोन हप्त्यांनी गेले तेव्हा चाकू तयार होता. बाभळीची मूठ, काळसर पातं, कुठेही भपका नाही. मी तो एसटीत तीनदा उघडून मिटून पाहिला. शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

रविवारी सकाळी ओट्यावर बसून बाबांनी तो पाहिला. उघडला. पातं हललं नाही. मिटला, टक् आवाज आला. मनगटावरचे केस पात्याने उडवून पाहिले. उठून अंगणातल्या लिंबाच्या एका काडीवरचा डोळा काढला, सालीचा तो लहानसा तुकडा बोटावर घेऊन आतून पाहिला. स्वच्छ निघाला होता.

"कोनं बनवला?"

"डोणगावच्या लोहारानं."

"मानूस जानकार हाय," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी माझ्या दहावीच्या निकालालाही ऐकली नव्हती. मग बाबांनी चाकू मिटला आणि आमच्या दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवला. चाकू हातोहात देऊ नये, भांडण लागतं, हा आमच्याकडचा नेम. म्हणजे ते तो मला परत देत होते.

"घेऊन जा बाई."

"आता याच्यात काय खोट हाय बाबा?"

"खोट काईच नाई. म्हनूनच म्हनतो, घेऊन जा. हाबी हरवीन मी. इतकी चांगली चीज माह्यापासी ठेवू नको." मग म्हणाले, "माह्या भावाचंबी असंच सुरू झालं व्हतं. तुले आठवत नसंन, तू लहान व्हती."

मला आठवत होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. आई दारात हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती आणि एकेक पान असं निवडत होती, जसं काही ऐकूच येत नाही.

"आई, तू सांगतं का मी सांगू?"

"काय सांगू?"

"गेली तुही शपथ उडत! सांगतं का नाई?"

आईने परात बाजूला ठेवली. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "थो चाकू मीच नदीत टाकला. फुलाईसंगं गेला. मले माईत नव्हतं, फुलाखाली व्हता."

मला वाटलं, आता बाबा ओरडतील. ते ओरडले नाहीत. साक्षीदाराला विचारावं तसं ते तिला विचारू लागले.

"कवा?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"पाटावरूनच उचलला?"

"हाव."

"मंजे मी पाटावर ठेवला व्हता."

"हाव. तुमीच ठेवला व्हता."

"आन मांगून मी उचलला नाई."

"नाई. तुमी हातच लावला नाई."

"मंजे मले बरोबर आठवत व्हतं," बाबा म्हणाले. ते उठले, अंगणाच्या टोकापर्यंत गेले, तिथे पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. "अवं, तीन महिने!" एवढंच ते आईला म्हणाले. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मले भेव वाटला, भेव वाटला, एवढंच तिला म्हणता येत होतं. बाबा तिच्याजवळ बसले.

मला हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर जरा खूशच होते. चाकू मी शोधला, आईला बोलतं मी केलं, गाडी रुळावर आली. तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे मान वळवली.

"तुले माईत व्हतं?"

"हाव."

"कवापासून?"

"चौथ्या दिवसापासून."

त्यांनी मान डोलावली. ओट्यावरचा चाकू उचलला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"पाचव्या दिवशी मी तुले फोन केला व्हता," ते म्हणाले. "म्हनलं, बाई, मले वाटते का मी पाटावर ठेवला व्हता. तू म्हनली, विसरले असान बाबा, वय झालं आता तुमचं."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. इथे लिहितानाही मी ते आतापर्यंत टाळलंच.

"पुढच्या येळी चाकू नको आनू," बाबा म्हणाले. "सांगत जा."